गांधीलमाश्यांना गूळ

सासूबाई देवळ्याहून आल्या त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी माझ्या हातातला झाडू धरला. मदत करायला नव्हे, अडवायला. आमच्या बेडरूमच्या खिडकीच्या चौकटीवर बोराएवढा मातीचा गोळा चिकटला होता आणि "हे मातीचं काय चिकटलंय इथे" असं पुटपुटत मी तो दांड्याने पाडणार होते.

"हात नको लावू त्याला," त्या म्हणाल्या. "कुंभारीण हाय. घर बांधती ती."

कुंभारीण म्हणजे ती काळी, सडपातळ माशी, जिला कंबर आहे की नुसता दोरा आहे असा प्रश्न पडतो. कुठूनतरी चिखलाचा कण आणते, थापते, परत जाते, परत आणते आणि दिवसभरात एक छोटं मडकं उभं करते. दिसायला भीतिदायक, पण स्वभावाने गरीब. सहसा कोणाला चावायला जात नाही. आमच्याकडे असा समज आहे की कुंभारणीनं ज्या घरात घर केलं त्या घरात वर्षाच्या आत पाळणा हलतो. माझं माहेर येवल्याचं. तिथे शेजारच्या घरात पैठणीच्या मागावर बसणाऱ्या काकूंच्या डोक्यावर तुळईला कुंभारणीची पाच घरं होती आणि काकूंना मुलंही पाच होती, त्यामुळे पुरावाच नाही असं मला म्हणता येत नाही. सहावं घर झालं तेव्हा काकूंनी स्वतःच खराट्याने ते पाडलं होतं, तेही मला आठवतं.

झाडू खाली ठेवून मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ताबडतोब मोबाइलमध्ये डोकं घातलं.

आता आमची परिस्थिती सांगते, म्हणजे त्या मातीच्या गोळ्याचं आमच्या घरात काय वजन होतं ते कळेल. लग्नाला दहा वर्षं झाली होती, मी एकोणचाळीसची. मूल नव्हतं. त्यासाठी जे जे करतात ते सगळं करून झालं होतं. गोळ्या, इंजेक्शनं, दोन वेळा ते महागडं प्रकरण, ज्यात प्रयोगशाळेतल्या मुलीला माझ्यापेक्षा माझ्या शरीराची जास्त माहिती असायची. त्र्यंबकला नारायण नागबळीही झाला. त्या विधीसाठी माणसं रेल्वेने दोन-दोन दिवस प्रवास करून येतात. आम्ही सातपूरहून शटल जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत आलो. देवालाही बहुधा वाटलं असेल, हे इथलेच आहेत, यांचं निवांत बघू.

मागच्या दिवाळीत चकल्यांचा डबा मध्ये ठेवून आम्ही दोघांनी ठरवलं की आता पुरे. रडून झालं, एकमेकांवर ओरडून झालं आणि मग चकल्याही संपल्या. दुसऱ्या दिवशी मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा कॅलेंडर न बघता उठले. पहिला महिनाभर फार वाईट वाटलं. पण नंतर हळूहळू मला बरं वाटायला लागलं. नुसतं बरं नाही, मोकळं, हलकं. रविवारी दुपारी मी पाय पसरून झोपायचे आणि मला कोणाचीही उणीव भासायची नाही.

हे बरं वाटणंच मला सासूबाईंना सांगायचं नव्हतं. मूल होत नाही हे सांगता येतं. बाई बिचारी होते आणि लोक हळू आवाजात बोलतात. पण मूल होत नाही आणि आता मला नकोय, आणि मी मजेत आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार? त्यातून आमच्या सासूबाईंनी दहा वर्षांत मला एकदाही टोमणा मारला नव्हता. सासरच्या गोतावळ्यात त्या एकट्याच अशा. मला भीती होती ती एवढीच, की हे कळल्यावर त्या माझ्याकडे आधीसारखं बघणार नाहीत.

"तू सांग, तुझी आई आहे," मी नवऱ्याला म्हणत होते. "बायकांचा विषय आहे, तू नीट सांगशील," तो म्हणत होता. असं करत दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. मग देवळ्याचे उन्हाळ कांदे निघून कांदाचाळीत भरले गेले आणि मोकळ्या झालेल्या सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. आल्या त्या आल्या आणि कुंभारीण हजर.

ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. त्यांची साखर वाढलेली होती आणि ती खाली येईपर्यंत डॉक्टर डोळ्याला हात लावायला तयार नव्हते. त्यामुळे सासूबाईंना गोड बंद, आणि दिवसभर काम एकच: कुंभारणीवर लक्ष ठेवणं. दिसत तर नव्हतं, मग मला विचारायच्या.

"किती झाली गं?"

"तीन झाली. चौथं चाललंय."

"चार!" त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मला स्वयंपाकघरात निघून जावं लागायचं.

रात्रीचं जेवण झालं की आम्ही दोघं खोलीचं दार लावून त्यावरच हसायचो. चौळी होणार म्हणून. चौघांना झोपवायचं कुठे म्हणून. नवरा उशीत तोंड घालून हसायचा. मी कंपनीतही हा किस्सा डब्याच्या वेळी रंगवून सांगितला. मी सातपूरला एका कारखान्यात तपासणीला आहे. तयार झालेले सुटे भाग व्हर्निअरने मोजायचे आणि केसभर जरी फरक असला तर लाल रंग मारून बाजूला काढायचे, हे माझं काम. बायका पोट धरून हसल्या. मला फार छान वाटलं होतं.

मोबाइलवर वाचून मी एक दिवस सासूबाईंना कुंभारणीची खरी माहितीही दिली. ती मडक्यात अळ्या भरते. अळी मारत नाही, डंख मारून नुसती लुळी करते, म्हणजे ताजी राहील. आत अंडं घालते, वरून मातीचं झाकण लावते आणि निघून जाते ती कायमची. पिल्लू आतल्या आत अळ्या खाऊन मोठं होतं आणि भिंत फोडून बाहेर येतं. "म्हणजे डबा भरून ठेवायचा आणि चालू पडायचं," मी म्हणाले. "आई व्हायचं तर असं."

"डबा तरी भरती ना," सासूबाई म्हणाल्या. "लेकराचीच काळजी ती."

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी होतं. मे महिना लागला आणि मागच्या गॅलरीत गांधीलमाशी आली.

गांधीलमाशी आणि कुंभारीण यांच्यात तेवढाच फरक आहे, जेवढा भजनी मंडळात आणि दंगलीत. कुंभारीण एकटी, गांधीलमाश्या झुंडीने. कुंभारीण मातीत काम करते, ह्या लाकूड चावून चावून त्याचा कागद करतात आणि शॉवरच्या जाळीसारखं राखाडी पोळं उलटं टांगतात. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीच्या वर छज्जा आहे, त्याच्या कोपऱ्यात ते टांगलं गेलं. पहिल्या दिवशी वाटाण्याएवढं होतं आणि त्यावर एकच पिवळी-तांबूस बाई लांब पाय लोंबकळत बसली होती. तेव्हाच पाडलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. ज्यांच्या घरी हे पहिल्या दिवशी दिसेल त्यांनी कृपा करून त्याच दिवशी पाडावं.

मी काठी घेऊन गेलेही. पण काठी आपटल्याचा आवाज झाला आणि सासूबाई दारात.

"काय पाडती?"

"आई, ही कुंभारीण नाही. गांधीलमाशी आहे. ही चावते."

त्यांनी डोळे बारीक करून वर बघितलं. मोतीबिंदू इतका पिकलेला की समोरचा माणूस त्या आवाजावरून ओळखायच्या, त्यांना त्या पोळ्यात राखाडी डागापलीकडे काय दिसणार! "उडती ना? घर बांधती ना?" त्या म्हणाल्या. "मंग कुंभारीणच. आतली जागा पुरली नाय तिला."

"अहो नाही आई, ही वेगळी—"

"तुला नकोच हाय का पोरी?"

अगदी साधेपणाने विचारलं त्यांनी. रागाने नाही, टोमण्याने नाही. हाच तो क्षण होता. हो आई, नकोच आहे, एवढं बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. मी काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "असू दे. राहू दे." केसभर फरकासाठी लोकांचा दिवसभराचा माल नापास करणारी बाई मी, आणि घरात अशी शेपूट घातली.

मग आमचं गांधीलमाश्यांबरोबरचं सहजीवन सुरू झालं. पोळं पंधरा दिवसांत पेल्याच्या तोंडाएवढं झालं आणि वर दहा-बाराजणी. गॅलरीत जायचे नियम ठरले. पळायचं नाही. हात झटकायचे नाहीत. माशी जवळ आली तर पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि तिला तुमच्याबद्दलचं कुतूहल शमवू द्यायचं. अत्तर लावून जायचं नाही, हा नियम खास माझ्या नवऱ्यासाठी, कारण तो सकाळी बाहेर पडतो तेव्हा लग्नाला निघाल्यासारखा दरवळतो. फुलाफुलांचा गाऊन घालायचा नाही. वाळलेले कपडे काढताना आधी एका टोकाला धरून हलकेच हलवायचे, मग घडी. बाहेरून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, ह्या घरातली माणसं गॅलरीत येताना काहीतरी शपथ घेऊन येतात.

शेवटचा नियम नवऱ्यानेच मोडला. एका सकाळी घाईत दोरीवरचं बनियन ओढलं आणि तसंच डोक्यातून घातलं. आत एक बाई बसलेली होती. तिने त्याला काखेत डंख मारला.

एवढा मोठा माणूस, पण जो आवाज काढला तो शेजारच्या काकांपर्यंत गेला. हे काका सातपूरच्या एका कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि तेव्हापासून आख्ख्या कॉलनीची दुरुस्ती हे आपलंच काम समजतात. ते येईपर्यंत घरात उपचार सुरू झाले होते. सासूबाईंनी काखेला चुना लावला आणि वरून कपाटाची लोखंडी किल्ली घासायला लागल्या. काका दारातूनच ओरडले, "कांदा चोळा, कांदा!" मी बर्फ आणला. नवरा एक हात वर करून उभा, काखेत चुना, किल्ली, कांदा आणि बर्फ. कशाने गुण आला ते अजूनही नक्की नाही. तिघंही आपलं श्रेय सांगतात.

दुसऱ्या दिवशी काका लांब बांबूला चिंध्यांचा बोळा बांधून, तो रॉकेलमध्ये भिजवून घेऊनच आले. गॅलरीतच आमचा गॅसचा गीझर आहे, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "सिलिंडर बंद करा ना मग, मी बघतो बाकीचं." आमचं घर कसं पेटलं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं. पण त्यांना अडवलं सासूबाईंनी. गॅलरीच्या दारात पाय पसरून बसल्या.

"दिवस गेलेल्या बाईच्या अंगावर कोणी पेटता बोळा टाकतं का?" त्या म्हणाल्या. "पाप लागंल भाऊ तुम्हाला."

काका माझ्या पोटाकडे बघायला लागले. "मी नाही हो," मी म्हणाले. "ती माशी."

काका गेले, बांबू आमच्याकडेच राहिला, आणि माश्याही.

ह्याच सुमारास मला दुसरीच एक गोष्ट लक्षात आली. गुळाचा डबा उतरत होता. मला मापं लक्षात ठेवायची सवय आहे. ढेप परवा डब्याच्या कडेपर्यंत होती ती आज बोटभर खाली होती. साखर वाढलेली, ऑपरेशन अडलेलं, आणि बाई चोरून गूळ खाताहेत! मी एक दिवस हसत हसत पकडलंच. "आई, गुळाला पाय फुटलेत का हो आपल्याकडे?"

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "खाल्ला थोडा," म्हणाल्या. "तोंड कडू पडतं."

मी डबा वरच्या फळीवर ठेवला आणि त्यांना आरोग्यावर एक व्याख्यान दिलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. इकडे बेडरूमच्या चौकटीवरच्या चारपैकी दोन मडक्यांना एव्हाना बारीक भोकं पडली होती, म्हणजे पिल्लं कधीच उडून गेली होती. तेही मी त्यांना सांगितलं नाही.

मग तो रविवार. अकराचा सुमार, मी भाकरी टाकत होते. गॅलरीतून ओरडणं ऐकू आलं आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावले.

सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या उजव्या हातावर, चेहऱ्याभोवती नुसत्या गांधीलमाश्या. त्या हात झटकत होत्या, आणि जितक्या झटकत तितक्या माश्या चवताळत. मी दोरीवरची चादर ओढली, त्यांच्या डोक्यावरून टाकली आणि त्यांना मिठीत घेऊन आत ओढलं. दार लावलं. मलाही मनगटावर एक डंख बसला. तो मला फार नंतर कळला.

हातावर सात आणि खालच्या ओठावर एक. ओठ डोळ्यांदेखत सुजायला लागला. नवरा चुना आणायला धावला. मी म्हणाले, गाडी काढ. कारण त्यांच्या गळ्यावर तांबड्या गांधी उठत होत्या आणि त्या श्वास असा घेत होत्या जसा अरुंद नळीतून घ्यावा. सूज एका जागी असेल तर घरचे उपाय करत बसा, पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर किल्ल्या घासत बसायचं नाही, एवढं मला कंपनीतल्या प्रथमोपचाराच्या वर्गामुळे माहीत होतं. बाकी त्या वर्गात मी पेंगत होते.

बाहेर पडताना मी गॅलरीच्या काचेतून बघितलं. कठड्यावर ओळीने गुळाचे खडे ठेवलेले होते. काही जुने, वितळून पसरलेले. प्रत्येकावर चार-चार माश्या. बाई रोज सकाळी, आम्ही कामाला गेलो की, त्या गरोदर समजल्या गेलेल्या माश्यांना गूळ ठेवत होत्या. डबा वरच्या फळीवर गेल्यावरही, चाचपून काढून, आणि स्वतः एक कणही न खाता. आणि आज न दिसल्यामुळे त्यांनी नवा खडा थेट जुन्यावर, म्हणजे माश्यांच्या पाठीवर ठेवला होता.

दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, तासाभरात श्वास सरळ झाला. सहा तास देखरेखीखाली ठेवतो म्हणाले. ड्यूटीवरचे डॉक्टर अगदी तरुण, गमत्या स्वभावाचे. "आज्जी, पोळ्याला हात घालायला कोणी सांगितलं होतं?"

सासूबाईंनी सुजलेल्या ओठाने सगळं सांगितलं. कुंभारीण, घरं, पाळणा, सगळं. त्यांना यात लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. नर्सही हसली. "अरे वा! म्हणजे गुड न्यूज येतेय," डॉक्टर म्हणाले.

"येईल ना," सासूबाई म्हणाल्या. "आत चार घरं हायेत."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तरी नर्सचं हसू थांबेना, आणि ते हसू मला ओळखीचं होतं. तेच हसू आम्ही दोघं दार लावून हसत होतो. अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावर बघितल्यावर ते फार घाणेरडं दिसलं. मला ते सहन झालं नाही. नवरा औषधं आणायला खाली गेलेला होता, आणि त्याची वाट बघत बसले असते तर पुढची दिवाळी आली असती.

"आई, नाही येणार," मी म्हणाले.

"काय नाय येणार?"

"मूल. आम्ही थांबलोय. उपचार बंद केलेत. दिवाळीतच ठरलं आमचं."



"म्हंजे मी आले तवा तुम्हाला ठावं व्हतं."

"हो."

"मी रोज किती घरं झाली इचारत व्हते. गूळ ठेवत व्हते तिथं."

"गुळाचं मला माहीत नव्हतं," मी म्हणाले. किती मूर्ख उत्तर.

"लय हसले असताल तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. आम्ही हसलोच होतो, पोटभर हसलो होतो, आणि मी तर कंपनीतल्या आठ बायकांनाही हसवलं होतं. मला स्वतःची इतकी लाज माझ्या आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी आम्ही त्यांना घरी आणलं. जेवताना फक्त मुलाला म्हणाल्या, "उद्या मला देवळ्याच्या गाडीत बसवून दे."

दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडता उजाडता, आम्ही पोळं पाडायला उठलो. गारव्यात माश्या सुस्त असतात, हे आता आम्ही नीट वाचलं होतं. नवऱ्याने हेल्मेट घातलं, मे महिन्यात रेनकोट चढवला, हातात माझे भांडी घासायचे रबरी मोजे. झाडांवर फवारायचा छोटा पंप साबणाच्या पाण्याने भरला. मी बादली आणि काकांचा बांबू घेऊन मागे उभी. आवाज न करता चाललं होतं, पण सासूबाई आधीच जाग्या होत्या. पदर तोंडाभोवती गुंडाळून दाराच्या आत येऊन उभ्या राहिल्या.

"लांबून नको मारू, वाया जातंय," त्या त्याला म्हणाल्या. "खालून मार. तोंडं खाली हायेत त्यांची." दहा वर्षं कांद्यावर पाठीवरचा पंप घेऊन फवारणी केलेली बाई, दिसत नसतानाही तिला पंपाच्या नुसत्या आवाजावरून कळत होतं की हा चुकतोय. त्याने खालून मारलं. माश्या साबणाने जड होऊन टपाटप पडल्या, मी बांबूने पोळं खरवडून बादलीत घेतलं. तीन मिनिटं लागली. मग मी गरम पाण्याने कठडा धुतला, गुळाचा चिकटपणा जाईपर्यंत. तो धुताना मला रडू येत होतं आणि मी ते घामात खपवलं.

आत येऊन मी चहा टाकला. सासूबाई टेबलाशी बसल्या, सुजलेला उजवा हात समोर उशीवर ठेवून. नवरा दारातच, हेल्मेटसकट, बादली धरून उभा.

"एक इचारू?" त्या मला म्हणाल्या. "नको व्हतं, का व्हत नव्हतं?"

"आधी होत नव्हतं," मी म्हणाले. "मग नको झालं." आणि मग मला वाटलं, आता अर्धंच कशाला सांगायचं. "आणि नको झालं ना आई, तेव्हा मला बरं वाटलं. वाईट नाही वाटलं. बरं वाटलं. ते तुम्हाला सांगायची भीती वाटत होती."

त्यांनी डाव्या हाताने बशीत चहा ओतला. निम्मा सांडला. सुजलेल्या ओठाला बशी लावली, भाजलं, मग नुसतीच धरून बसल्या.

"मला तिसरं नको व्हतं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने बादली दुसऱ्या हातात घेतली.

"दोन पोरी झाल्या. लय चांगल्या पोरी. मला पुरे व्हतं. पर बाकी समद्यांना तिसरं पायजे व्हतं. सासूला, सासऱ्याला, तुझ्या सासऱ्याला, गावाला. मला कोणी इचारलंच नाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं, नको." त्यांनी ओठावरून पदर फिरवला. "तुम्ही दोघांनी बसून ठरवलं. लय बरं केलं. मला तेवढं येडं नव्हतं करायचं."

"चुकलं आमचं," मी म्हणाले.

"चुकलंच."

दारातून हेल्मेटच्या आतून आवाज आला. "आई, तिसरा म्हणजे मी."

सासूबाईंनी त्या दिशेने मान वळवली. ज्याच्या जन्माचे पेढे गावभर वाटले होते, ज्याला अजूनही पहिली भाकरी वाढली जाते, तो त्यांचा एकुलता एक मुलगा रेनकोट घालून मेलेल्या गांधीलमाश्यांची बादली धरून उभा होता.

"मंग कोण?" त्या म्हणाल्या. "आता आलायस तर ऱ्हा."

आधी मीच हसले. मग त्या हसायला लागल्या आणि ओठ ताणला गेल्यामुळे हसता हसता कळवळल्या. आणि मग मला जे रडू आलं ते थांबेचना. टेबलावर डोकं ठेवून मी दहा वर्षांचं रडले. पाठीवर हात फिरवायला त्यांचा एक हात सुजलेला आणि दुसऱ्यात बशी. त्यांनी कोपरानेच मला ढोसलं.

"चहा पी," त्या म्हणाल्या. "गार व्हतोय."